गोव्यातली नागरी स्वातंत्र्याची चळवळ (१९४६)

१८ जून १९४६ ला मडगावात सुरू झालेली ही चळवळ. गोव्यात हा दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतात. नीट बघितलं तर पहिली मागणी 'पोर्तुगीज चालते व्हा' अशी नव्हतीच, मागणी होती की आम्हाला सभा घेऊ द्या, बोलू द्या, छापू द्या. म्हणजे आधी माणसाचं स्वातंत्र्य, मग देशाचं. माझ्या मते हाच या चळवळीचा खरा पॉइंट आहे आणि शाळेच्या पुस्तकात नेमका तोच दोन ओळीत उरकतात.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत गोव्यात सेन्सॉर इतका कडक होता की लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारी परमिशन, मीटिंगचं तर नावच नको. म्हणजे राजकारणाशी काही देणंघेणं नसलेला माणूस, घरात मुलीचं लग्न काढलंय एवढाच त्याचा गुन्हा, त्यालासुद्धा सरकारच्या दारात उभं राहावं लागायचं. त्यामुळे 'मला काय करायचंय राजकारणाशी' असं म्हणायची सोयच उरली नव्हती तिथं.

समाजवादी नेते राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी मित्राकडे, डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी आले होते, विश्रांती कसली, लोक भेटायला यायला लागले, गाऱ्हाणी सांगायला लागले आणि शेवटी बंदी मोडून मडगावात सभा ठरली. भर पावसात लोक जमले. लोहियांना बोलायला लागताच अटक झाली, पण लोकांची भीती मोडली ती मोडलीच. त्याच वर्षी गोव्यातले राष्ट्रवादी नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी कोर्टाने ८ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. मागणी काय, तर बोलू द्या!

पुढे मागणी नागरी हक्कांवरून पूर्ण मुक्तीवर गेली, १५ ऑगस्ट १९५५ ला शांतपणे हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा घेतला.

पण राज्य गेलं म्हणून प्रत्येक माणूस सुटला असं झालं नाही. मूळचे सांगलीचे मोहन रानडे १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, ते लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगातून सुटले जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मोकळा झाल्यावर सात वर्षं उलटून गेली तरी त्यासाठी लढलेला माणूस आतच.

मधल्या काळात, १६ जानेवारी १९६७ ला, गोवेकरांना विचारलं गेलं की महाराष्ट्रात जायचं का. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. आपल्याकडे बऱ्याच जणांना ते झोंबलं, अजूनही कुणी कुणी बोलून दाखवतं. पण सभा घेऊन, पत्रकं छापून, भांडून, मत देऊन लोकांनी 'नाही' म्हटलं, आणि १९४६ मध्ये मागितलं होतं ते हेच की.