जपानी चित्रित पोर्सेलिन तबक : पारख व मूल्यनिर्धारण

हाताने रंगवलेल्या जुन्या जपानी पोर्सेलिन तबकाचे मूल्य नक्षीइतकेच ते कोणत्या भट्टीत व केव्हा भाजले गेले यावर ठरते. जपानी पोर्सेलिनचा आरंभ क्यूशू बेटावरील आरिता येथे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला, असे सामान्यतः मानतात. कोरियन कुंभार यी साम-प्योंग याला इझुमियामा येथे योग्य दगड सापडल्याचे परंपरागत वर्ष १६१६ मात्र सावधपणेच स्वीकारावे लागते. झिलईवर रंग चढवून तबक पुन्हा भाजण्याचे तंत्र तेथे १६४० च्या दशकात रुजले. हा माल इमारी बंदरातून बाहेर जात असल्याने तो त्याच नावाने ओळखला जातो.

सर्वांत बिकट प्रश्न ‘को-कुतानी’ म्हणजे जुन्या कुतानी तबकांचा आहे. हिरवा, पिवळा, जांभळा व निळा या गडद रंगांनी पृष्ठभाग जवळजवळ झाकून टाकणारी, किंवा त्यांत लाल मिळवून पंचरंगी केलेली ही तबके कागा प्रांतातील कुतानी गावी (सध्याच्या इशिकावा प्रांतात) बनली, असा समज दीर्घकाळ होता. कागातील दाइशोजी जहागिरीच्या माएदा सरदाराने गोतो साइजिरो याला तंत्र शिकण्यासाठी आरिताला धाडले आणि १६५५ च्या सुमारास भट्टी पेटली, अशी परंपरा सांगते. पुढे साधारण अर्धशतकात ती का विझली, याविषयी एकमत नाही. १९७० पासून कुतानीच्या भट्ट्यांचे उत्खनन झाले, तेव्हा तेथील खापरांचा या तबकांशी पुरेसा मेळ बसला नाही. उलट आरिताच्या यामाबेता भट्टीच्या जागी जुळणारी खापरे मिळाली. कोरी तबके आरिताहून कागात नेऊन तेथे रंगवली असावीत, हे मत सर्वस्वी त्याज्य नसले तरी उत्खननाचा पुरावा आरिताकडे अधिक झुकतो, आणि अनेक संग्रहालये आता ‘आरिता, को-कुतानी शैली’ अशीच नोंद करतात. पारख्याची खरी कसोटी पुढे लागते, कारण १८२४ च्या सुमारास सुरू झालेल्या योशिदाया भट्टीने चौकटीतील ‘फुकु’ (सौभाग्य) या अक्षरासह हीच शैली पुन्हा उचलली.

म्हणून बुडावरील अक्षरांवर विसंबणे धोक्याचे असते. आरिताच्या कारागिरांनी मिंग सम्राट चंगहुआ (१४६५–८७) याच्या राजवटीच्या नावाच्या अक्षरांचीही सर्रास नक्कल केली. त्यांवरून तबक चिनी ठरत नाही, पंधराव्या शतकातील तर नाहीच. त्यापेक्षा बैठकीच्या कडीच्या आत झिलईवर उठलेले तीन ते पाच बारीक ठिपके अधिक बोलके असतात. भाजताना मोठे तबक मध्ये खचू नये म्हणून खाली मातीचे सुळके लावत, त्यांचे हे व्रण होत. चिनी तबकांवर ते सहसा आढळत नाहीत. आरिताच्या मुलखाचे सरदार असलेल्या नाबेशिमा घराण्यासाठी केलेल्या तबकांची बैठक उंच असून तिच्यावर कंगव्याच्या दातांसारखी निळी नक्षी असते. झिलईखालचा निळा रंग झगझगीत, जांभळट असेल तर जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वागेनर याने १८७० मध्ये आरितात आणलेल्या रासायनिक कोबाल्टचा संशय घ्यावा.

निर्यातीच्या मालावर ‘निप्पॉन’ हा रोमन शिक्का असल्यास तबक बहुधा १८९१ ते १९२१ या काळातले असते, कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने मूळ देशाचे नाव छापणे सक्तीचे केले आणि १९२१ पासून त्याऐवजी ‘जपान’ असे लिहावे लागले. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातील आहे. अमेरिकेसाठी नसलेल्या मालाला जकात कायद्याचा हा नियम लागू नव्हता, हे विक्रेते सोयीने विसरतात.

हातकामाची खात्री भिंगाखाली होते: कुंचल्याच्या रेषेची जाडी बदलते आणि रंगाचा थर बोटाला उंच लागतो, तर मेइजी काळातील (१८६८–१९१२) छापील नक्षीत रेषा सर्वत्र सारख्याच जाडीच्या असून नक्षीचे जोड उघडे पडतात. कडेचा टवका, केसासारखी चीर वा झिजलेला सोनेरी मुलामा यांनी किंमत उतरते. लपवलेली दुरुस्ती अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळी चमकते. लाखेने सांधून सोन्याने रेखलेला तडा मात्र जपानी संग्राहक दोष मानतोच असे नाही.