गोव्यातल्या खाणपट्ट्यात ट्रकचा आवाज आला कुठून

सावर्डे, कुडचडे, उसगाव, डिचोली इकडच्या लोकांना ट्रकबद्दल विचारलं तर आधी धूळ सांगतील मग आवाज, पण झोप उडवली ती आवाजाने. लोहखनिज पोर्तुगीज काळापासूनच निघतंय, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांनी मागणी केली आणि धंदा वाढला. खाण डोंगरात, बार्ज म्हणजे माल वाहणारी सपाट बोट नदीत, म्हणजे मधले काही किलोमीटर ट्रकशिवाय पर्याय नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तो मधला रस्ता म्हणजे गावातलाच रस्ता, शाळा, देऊळ, बाजार सगळं त्याच्यावर. मांडवी-झुआरी नद्यांच्या जेटीवर, म्हणजे धक्क्यावर, माल उतरवायचा, तिथून बार्जने मुरगाव बंदर.

खरा कहर झाला 2000 नंतर. चीनने कमी प्रतीचं खनिजही घ्यायला सुरवात केली, मग वर्षानुवर्षं टाकून दिलेले डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मालाचे ढीगसुद्धा उचलले गेले आणि ट्रकची रांग तुटेना. त्यात पैसे ट्रिपवर, जितक्या ट्रिपा तितके पैसे, म्हणून ड्रायव्हर भरलेला ट्रक जेटीवर रिकामा करून सुसाट परत येणार, आणि रिकामा ट्रकच जास्त वाजतो हे रस्त्याकडेला राहणाऱ्यालाच कळतं, खड्ड्यात चाक गेलं की मागचा फाळका धाडकन आपटतो, साखळ्या खणखणतात, वर हॉर्न. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, हा नियम 2000 चाच आहे, पण तो इथे कोणी पाळलाय?

तक्रार करणंही सोपं नव्हतं, कारण कित्येक ट्रक गावातल्याच लोकांचे, बँकेचं कर्ज काढून घेतलेले. शेजाऱ्याच्या हप्त्यावर कसं बोलणार! 2012 ला बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या, 2014 ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, 2018 ला 88 खाणींच्या लीजचं, म्हणजे खाणकामाच्या करारांचं नूतनीकरण रद्द होऊन परत बंद. रस्ते शांत झाले, पण दारात उभ्या ट्रकचे हप्ते कसे फेडायचे हा घोर लागला, त्यामुळे शांतता मिळाली म्हणून आनंद झाला असं मी तरी म्हणणार नाही.

मग खाणींचे लिलाव झाले आणि 2024 ला डिचोलीच्या खाण ब्लॉकपासून खाणी परत सुरू व्हायला लागल्या. खाण नको असं सगळेच म्हणत नाहीत, ट्रक गावातून नको, वेगळा बायपास करा ही मागणी मात्र जुनी आहे आणि माझ्या मते ट्रक सोडायच्या आधी तोच झाला पाहिजे.