डावीकडे पूर्व, वर राजधानी

जपानमधल्या क्योतो शहराच्या नकाशात ‘साक्यो’ नावाचा विभाग पूर्वेला, म्हणजे नकाशाच्या उजव्या बाजूला दिसतो. पण या नावाचा अर्थ आहे राजधानीचा डावा भाग! ‘उक्यो’, म्हणजे उजवा भाग, पश्चिमेला आहे. नकाशा बरोबरच आहे. इ.स. 794 मध्ये सम्राट कान्मू यांनी इथे राजधानी आणली, तेव्हा राजवाडा उत्तरेला बांधला गेला. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसत, ही चिनी दरबाराची रीत. तसे बसले की डाव्या हाताला पूर्व येते. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवाही, कारण तिथे माणूस उगवतीकडे तोंड करून उभा आहे असे धरलेले असते.

राजवाडा उत्तरेला म्हणून क्योतोत उत्तरेकडे जाणे म्हणजे ‘आगारु’, वर जाणे, आणि दक्षिणेकडे जाणे म्हणजे ‘सागारु’, खाली जाणे. तिथल्या पत्त्यांत हे शब्द आजही लिहितात: अमुक चौकातून वर, तमुक चौकातून खाली. इथे चढ-उताराचा संबंध नाही, मानाचा आहे. पुढे राजधानी तोक्योला गेली आणि ‘वर’ही तिच्यामागून गेले. आता तोक्योकडे जाणारी गाडी ‘नोबोरी’, म्हणजे चढती, आणि तोक्योहून निघालेली ‘कुदारी’, उतरती. मुंबईच्या लोकलमधल्या ‘अप’ आणि ‘डाउन’सारखेच हे.

मला दिशा-जागांच्या शब्दांचा सर्वांत विलक्षण वापर वाटतो तो माणसांसाठीचा. मराठीत जवळचे ‘इथे’ आणि लांबचे ‘तिथे’. जपानीत तीन जागा आहेत: ‘कोको’ बोलणाऱ्याजवळ, ‘सोको’ ऐकणाऱ्याजवळ, ‘आसोको’ दोघांपासूनही दूर. यांचीच दिशादर्शक रूपे म्हणजे ‘कोचिरा’, ‘सोचिरा’, ‘आचिरा’. माणसाकडे थेट बोट दाखवणे उद्धट, म्हणून त्याच्या बाजूचा उल्लेख करायचा. कोणाची ओळख करून देताना ‘हे’ ऐवजी ‘कोचिरा’, म्हणजे ‘ही बाजू’. फोनवर ‘आपण कोण?’ विचारायचे तर ‘दोचिरा-सामा’, शब्दशः ‘कोणती बाजू?’, वर आदराचा प्रत्यय. ‘काता’ म्हणजे मुळात दिशा, पण ‘आनो काता’ म्हणजे ‘त्या व्यक्ती’, आदराने.

‘तुम्ही’ म्हणून परदेशी विद्यार्थी सर्वांत आधी शिकतात तो ‘आनाता’ हा शब्दही मुळात ‘पलीकडे, त्या बाजूला’ अशा अर्थाचा. त्यातला आदर हळूहळू झिजला. आज वरिष्ठांना किंवा शिक्षकांना ‘आनाता’ म्हटले तर ते खटकते, मात्र बायको नवऱ्याला प्रेमाने ‘आनाता’ म्हणते. जुन्या मराठी घरांतल्या बायका नवऱ्याचे नाव न घेता ‘इकडून’ म्हणत, तीही दिशाच. ‘ओमाए’चे तर पार उलटे झाले. ‘ओ’ आदराचा, ‘माए’ म्हणजे समोर. एके काळी हा मानाचा शब्द होता. आता मित्रांत चालतो, परक्याला म्हटला तर भांडण होऊ शकते.

हाच ‘माए’ काळासाठी वापरला की मराठी माणूस गोंधळतो. आपले मागचे वर्ष होऊन गेलेले आणि पुढचे यायचे. जपानीत मात्र ‘सान्नेन माए’, म्हणजे तीन वर्षे ‘समोर’, हा भूतकाळ. तरी ‘पूर्वी’ हा आपला शब्द पाहा: ‘पूर्व’ म्हणजे समोरचा, आधीचा आणि उगवतीची दिशाही.