‘एड्सची टेस्ट’ अशी टेस्टच नसते
“रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे एड्स झाला” हे अजूनही सर्रास ऐकू येतं. साफ चूक. एचआयव्ही हा विषाणू. एड्स ही उपचार न घेतल्यास बहुधा काही वर्षांनी येणारी अवस्था. बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तात शरीराने तयार केलेली एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधतात, एड्स नाही. रक्ताच्या घनमिलिमीटरमागे सीडी-४ पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २०० च्या खाली गेल्या (निरोगी माणसात साधारण ५०० ते १५००) किंवा ठरावीक गंभीर आजार जडले, तरच डॉक्टर एड्स म्हणतात. सरकारी एआरटी केंद्रांत (एचआयव्हीवरच्या उपचारांची केंद्रं) गोळ्या मोफत मिळतात. त्या रोज घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आणि बातम्यांमधला तो सरसकट ‘एड्सग्रस्त’? गोळी घेऊन कामावर निघालेल्या माणसाला तो शब्द लागूच पडत नाही.