बरे होण्याची दिशा (होमिओपॅथी)

होमिओपॅथीचे औषध सुरू असताना रुग्ण खरोखर बरा होतो आहे की आजार नुसता दबला आहे, हे लक्षणांच्या क्रमावरून ठरवण्याची रीत. तिला ‘हेरिंगचा नियम’ म्हणतात. जर्मनीत जन्मलेले व पुढे फिलाडेल्फियात स्थायिक झालेले कॉन्स्टंटाइन हेरिंग (१८००–१८८०) यांनी होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या जुनाट आजारांवरील ग्रंथाच्या अमेरिकन आवृत्तीला १८४५ मध्ये प्रस्तावना लिहिली, तीत ही निरीक्षणे आहेत. त्यांना नियमाचा मान मिळाला तो मुख्यतः अमेरिकन होमिओपॅथ जेम्स टायलर केंट यांच्यामुळे.

लक्षणे वरून खाली, आतून बाहेर आणि महत्त्वाच्या अवयवाकडून कमी महत्त्वाच्या अवयवाकडे सरकावीत, शेवटी आलेली आधी जावीत, अशी अपेक्षा असते. ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरूळच्या दवाखान्यात याचे ठरलेले उदाहरण म्हणजे दम्याचे मूल. तान्हेपणी इसब होते, मलमाने गेले, मग धाप सुरू झाली. गोळ्या चालू असताना धाप उतरली आणि कोपराच्या खोबणीत इसब पुन्हा उठले, तर डॉक्टर आईला सांगतात, ‘घाबरू नका, आतलं बाहेर येतंय.’ याउलट खाज थांबून दम लागू लागला, तर औषध चुकले असे मानतात. मुंबईचे डॉ. प्रफुल्ल विजयकर यांनी ही दिशा गर्भातील पेशीस्तरांशी जोडून तिची अधिक तपशीलवार मांडणी केली.

आधुनिक वैद्यकाला आधी इसब, मग दमा हा क्रम परिचित आहे; पण त्याचे कारण ते ॲलर्जीच्या प्रवृत्तीत शोधते, मलमात नव्हे. शिवाय दोन्ही आजार आपोआप चढउतार होणारे. नवी मुंबईत पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, थंडीत धुरके साचते. धाप कमी झाली ती गोळ्यांनी की ऋतू पालटल्याने, हे एका मुलाकडे पाहून सांगता येत नाही. नियमाची खरी अडचण याहून मोठी आहे. सुधारणा हा औषधाचा गुण आणि नवा पुरळ हाही गुणच धरला, तर औषध निरुपयोगी ठरायला जागाच उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

‘त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडले’ ही समजूत याच विचारातून घरोघरी पोचली. खाजेपुरती ती फारशी घातक नसेल. मात्र श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा मूल वाक्य पुरे करू शकत नसेल, तर दिशा पाहत बसू नये. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर देऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. गोळ्या सुरू केल्या म्हणून रोजचा इनहेलर परस्पर बंद करणेही धोक्याचे.