गणपूर्तीचा तिढा : डाओंमधील मतदानाची पार्श्वभूमी

डाओ, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या सामुदायिक संस्था, यांच्या कारभाराचा विषय निघाला की पहिली तक्रार ठरलेली असते : टोकनधारक, म्हणजे संस्थेची विकता येण्याजोगी डिजिटल नाणी बाळगणारे, मतदानच करीत नाहीत. या तक्रारीत एक गृहीतक दडलेले असते. मतदार उदासीन आहेत आणि त्यांना जागे केले की कारभार आपोआप सुधारेल, असे त्यात मानलेले असते. गेल्या दहा वर्षांचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक फारसे टिकत नाही. मत न देणे हेच शहाणपणाचे ठरावे अशी तजवीज अनेकदा नियमांनीच करून ठेवली होती, आणि मतदान वाढवण्यासाठी योजलेल्या जवळजवळ प्रत्येक उपायाने सत्ता मोजक्या हातांतून काढून दुसऱ्या, तितक्याच मोजक्या हातांत नेऊन ठेवली.

डाओ म्हणजे विकेंद्रित स्वायत्त संस्था. तिचे नियम आणि तिची तिजोरी ब्लॉकचेन या अनेक संगणकांवरील सामायिक नोंदवहीतल्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे आपोआप अमलात येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असतात आणि तिचे निर्णय टोकनधारकांच्या मतांनी होतात. २०१३ मध्ये डॅन लॅरिमर यांनी अशा स्वायत्त कंपनीची कल्पना मांडली आणि मे २०१४ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनचे विटालिक ब्युटेरिन यांनी या क्षेत्रातील गोंधळात टाकणाऱ्या संज्ञांची फोड करून दाखवली. सहकाराच्या मुलखात वाढलेल्या मराठी वाचकाला सामुदायिक संस्था म्हटले की ‘एक सभासद, एक मत’ हे सूत्र आठवते. ते इथे लागू होत नाही. ब्लॉकचेनला माणूस दिसत नाही, फक्त खात्याचा पत्ता दिसतो, आणि असे हजार पत्ते कोणीही फुकट उघडू शकतो. त्यामुळे ओळख पटवण्याची वेगळी सोय केल्याशिवाय डोकी मोजता येत नाहीत आणि टोकन तेवढे मोजता येतात. ‘एक टोकन, एक मत’ हा नियम कोणा तत्त्वज्ञानातून कमी आणि या तांत्रिक अडचणीतून जास्त आला आहे. पुढचे बहुतेक पेच याच मुळातून फुटलेले आहेत.

पहिला मोठा प्रयोग ‘द डाओ’ याच नावाने ३० एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. स्लॉक डॉट इट या जर्मन कंपनीतील मंडळींनी त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. महिनाभरात सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे ईथर, म्हणजे इथेरियमचे चलन, जमा झाले आणि त्या वेळी अस्तित्वात असलेल्या एकूण ईथरपैकी सुमारे १४ टक्के एकाच तिजोरीत येऊन पडले. गणपूर्तीचा नियम बारकाईने आखलेला होता. ठरावासाठी किमान २० टक्के टोकनांचे मतदान आवश्यक होते. मागितलेली रक्कम जितकी मोठी तितकी ही अट वाढत जाई आणि सगळी तिजोरीच मागितली तर ती ५३ टक्क्यांवर पोहोचे. बराच काळ गणपूर्ती झालीच नाही तर किमान मर्यादा निम्म्यावर आणण्याचीही तरतूद होती. लोक मतदानाला येणार नाहीत ही शंका, थोडक्यात, जन्मापासूनच होती.

खरी गोम मात्र दुसरीकडे होती. एखाद्या ठरावावर मत दिले की त्या ठरावाची मुदत, म्हणजे किमान दोन आठवडे, संपेपर्यंत मतदाराचे टोकन अडकून पडत. या काळात ते विकता येत नसत किंवा आपला वाटा घेऊन संस्थेतून फुटून निघण्याचा हक्कही बजावता येत नसे. ठराव नुकसानीचा आहे असे ज्याला वाटते, त्याने विरोधात मत देणे म्हणजे नुकसानीची वाट पाहत आत बसणे. त्यापेक्षा मत न देता बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा ठेवणे हेच त्याच्या हिताचे होते. २७ मे २०१६ रोजी डिनो मार्क, व्लाद झामफिर आणि एमिन ग्युन सिरर यांनी नेमका हाच दोष दाखवून दिला आणि तूर्त कोणताही ठराव पुढे नेऊ नये असे आवाहन केले. कौल होकाराकडे झुकलेला होता, कारण नकार देणाऱ्याला दंड होता.

त्या दोषाची परीक्षा व्हायची राहूनच गेली. १७ जून २०१६ रोजी प्रोग्रॅममधील वेगळ्याच त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख ईथर काढून घेतले. ते परत मिळवण्यासाठी इथेरियमची नोंदवहीच बदलावी का, यावर ईथरधारकांचा कौल घेण्यात आला. सुमारे ८७ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली, पण मतदानात भाग घेतलेले ईथर एकूण पुरवठ्याच्या सहा टक्क्यांहूनही कमी होते. २० जुलैला बदल लागू झाला आणि तो अमान्य असलेल्यांनी जुनी साखळी, म्हणजे न बदललेली नोंदवही, इथेरियम क्लासिक या नावाने चालू ठेवली. या क्षेत्रातील सर्वांत मोठा निर्णय इतक्या कमी मतदानावर टेकलेला आहे, हे पुढे टक्केवारीवरून वाद घालणारे सहसा विसरतात.

यातून मिळालेला एक धडा फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोलॉक डाओने उचलला. त्याने गणपूर्तीची अटच काढून टाकली. ठराव मंजूर झाल्यावर नाराज सभासदाला आपला वाटा घेऊन बाहेर पडण्यासाठी मुदत दिली. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेची सभा गणसंख्येअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच मंडपात, त्याच मोजक्या माणसांत, गणसंख्येविना रीतसर भरते. त्या रिवाजाची इथे आठवण येते. फरक इतकाच की मोलॉकमध्ये गैरहजर राहिलेल्याला नंतर आपले पैसे घेऊन निघून जाता येत होते. ही पद्धत लहान, अनुदान देणाऱ्या गटांना मानवली. ज्या संस्थेचे टोकन बाजारात लाखो हातांत फिरते आणि तिजोरी त्याच टोकनांनी भरलेली असते, तिथे मात्र ‘आपला वाटा’ म्हणजे नेमके काय हेच ठरवणे अवघड असते.

अशा मोठ्या संस्थांची लाट २०२० च्या उन्हाळ्यात आली. कंपाउंड या डिजिटल चलनांच्या कर्जसेवेने जूनमध्ये आपले टोकन वापरकर्त्यांना वाटायला सुरुवात केली आणि सप्टेंबरमध्ये युनिस्वॅप या टोकनांच्या विनिमयसेवेने तोवरच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या पत्त्याला ४०० टोकन देऊ केले. एका रात्रीत लाखो मतदार निर्माण झाले. त्यांतल्या बहुतेकांनी मतदानाचा हक्क मागितलेला नव्हता. त्यांना एक विकता येण्याजोगी वस्तू भेट मिळाली होती. शिवाय मत नोंदवायचे तर इथेरियमचे गॅस शुल्क, म्हणजे साखळीवर नोंद करण्याची फी, भरावे लागे, आणि गर्दीच्या दिवसांत ते लहान धारकाच्या खिशाला जाणवेल इतके चढे. ज्याच्या मताने निकाल बदलण्याची शक्यता जवळपास शून्य, त्याने पदरचे पैसे मोडून मत द्यावे, ही अपेक्षा मुळातच अवाजवी होती.

युनिस्वॅपचा पहिला ठराव या सगळ्याचा अर्क म्हणावा असा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये धर्मा या कंपनीने असे सुचवले की ठराव मांडण्यासाठी लागणारी टोकनसंख्या १ कोटीवरून ३० लाखांवर आणि गणपूर्ती ४ कोटींवरून ३ कोटींवर आणावी. एकूण १०० कोटी टोकनांच्या हिशेबाने गणपूर्ती आधीच अवघी चार टक्के होती. झालेल्या मतदानातील ९८ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली, पण ठरावाच्या बाजूची मते सुमारे ३ कोटी ९६ लाखांवर थांबली आणि चार लाखांच्या फरकाने ठराव पडला. गणपूर्ती होत नाही म्हणून ती कमी करण्याचा ठराव गणपूर्तीअभावी बारगळला, एवढीच गंमत यात असती तर ती सांगून सोडून देता आली असती. विरोधकांचे म्हणणे अधिक वजनदार होते. मोठ्या संख्येने मते सोपवली गेलेले दोन-तीन प्रतिनिधी एकत्र आले तर नवी, खाली आणलेली मर्यादा ते जवळजवळ स्वबळावर ओलांडू शकले असते. अट उंच ठेवावी तर काम ठप्प होते आणि खाली आणावी तर संस्था मूठभरांच्या हाती जाते, हा तिढा तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसला.

शुल्काची अडचण स्नॅपशॉट या साधनाने त्याच वर्षी सोडवली. मत म्हणजे वॉलेटने, म्हणजे टोकन सांभाळणाऱ्या ॲपने, केलेली सही, ती साखळीबाहेर नोंदवायची, म्हणून शुल्क शून्य. मतदान सोपे झाले, पण असा कौल आपोआप अमलात येत नाही. तिजोरीच्या चाव्या सांभाळणाऱ्या काही जणांनी तो प्रामाणिकपणे अमलात आणावा लागतो. मध्यस्थावर विश्वास ठेवण्याची गरजच उरू नये म्हणून जन्मलेल्या संस्थेत मध्यस्थ मागील दाराने परत आले.

दुसरा उपाय प्रतिनिधित्वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ईएनएस या नावनोंदणी सेवेने टोकन घेण्याच्या प्रक्रियेतच प्रतिनिधी निवडण्याची पायरी घातली, त्यामुळे पहिल्याच दिवसापासून बरीच मते कोणाच्या ना कोणाच्या नावावर सोपवलेली होती. मतदानाची पोकळी भरून काढण्याचा हा, माझ्या मते, आजवरचा सर्वांत नेटका प्रयत्न होता. तरीही एकदा सोपवलेले मत बहुतेक जण पुन्हा पाहतही नाहीत, आणि प्रतिनिधी निष्क्रिय झाला तर त्याच्या नावावरची सगळी मते त्याच्याबरोबर झोपी जातात. प्रतिनिधींनी ठराव वाचावेत म्हणून डॉलरशी बांधलेले डिजिटल चलन चालवणाऱ्या मेकरडाओने २०२१ पासून त्यांना मानधन देण्यास सुरुवात केली आणि पुढे इथेरियमवरील व्यवहार स्वस्त करणाऱ्या आर्बिट्रम या जाळ्यानेही तोच मार्ग धरला. उपस्थिती सुधारली, पण मानधन ज्या तिजोरीतून मिळते तिच्यावरील खर्चाला हेच प्रतिनिधी मंजुरी देणार, हा प्रश्न उभा राहिला. जून २०२२ मध्ये चेनॅलिसिस या विश्लेषण कंपनीने दहा मोठ्या डाओंची पाहणी करून सांगितले की एक टक्क्याहून कमी धारकांकडे ९० टक्के मतशक्ती आहे. अशा ठिकाणी मतदारांची संख्या दुप्पट झाली तरी निकालावर किती फरक पडेल, हे सांगायला गणिती असण्याची गरज नाही. कर्व्ह या विनिमयसेवेने टोकन चार वर्षांपर्यंत कुलूपबंद करणाऱ्याला अधिक मतशक्ती दिली, तेव्हा तीच मते गोळा करून भाड्याने देण्याचा रीतसर धंदा उभा राहिला.

कमी मतदानाचा फायदा घेता येतो हे दाखवून देणारे प्रसंगही याच काळातले. ऑक्टोबर २०२० मध्ये बी प्रोटोकॉल या प्रकल्पाच्या मंडळींनी फ्लॅश लोन, म्हणजे एकाच व्यवहारापुरते मिळणारे आणि त्यातच फेडायचे विनातारण कर्ज, घेऊन मेकरची मते क्षणभर मिळवली आणि आपल्याला हवा तो ठराव मंजूर करून घेतला. नुकसान काही झाले नाही, पण मेकरने मंजुरी आणि अंमलबजावणी यांतील अंतर १२ तासांवरून ७२ तासांवर नेले. बीनस्टॉक या डिजिटल चलनाच्या प्रकल्पाला इतक्या स्वस्तात शिकता आले नाही. १७ एप्रिल २०२२ रोजी हल्लेखोराने सुमारे १ अब्ज डॉलरचे फ्लॅश लोन उचलून दोन तृतीयांश बहुमत जमवले आणि आदल्या दिवशी मांडून ठेवलेला ठराव त्याच क्षणी अमलात आणला. संस्थेचे सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचे नुकसान झाले. सोबतच्या दुसऱ्या ठरावात युक्रेनला अडीच लाख डॉलरची मदत होती. तांत्रिक अर्थाने यात घुसखोरी नव्हती, मतदानच झाले होते. प्रतीक्षाकाल हा यावरचा उतारा, पण त्याचीही किंमत असते. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस कंपाउंडच्या एका मंजूर ठरावातील चुकीमुळे कोट्यवधी डॉलरचे टोकन भलत्याच खात्यांत जाऊ लागले, आणि दुरुस्ती हाताशी असूनही नियमानुसार सुमारे सात दिवस थांबावे लागले.

लोक कधीच येत नाहीत असेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये आर्बिट्रमच्या पहिल्याच ठरावात प्रतिष्ठानाकडे ७५ कोटी टोकन, म्हणजे जवळपास १ अब्ज डॉलर, वर्ग करण्याची तरतूद होती, आणि त्यांतील काही टोकन मतदान पूर्ण होण्याआधीच खर्ची पडल्याचे उघड झाले. नुकतेच टोकन मिळालेले धारक धावून आले, ७० टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेली आणि ठराव मागे घेऊन तुकड्यांत नव्याने मांडावा लागला. विषय समजण्याजोगा आणि पैसा डोळ्यांसमोर असला की गर्दी होते. दर आठवड्याला व्याजदराच्या गणितावर मत द्या म्हटले की ती होत नाही, आणि तिचे चुकते असेही म्हणता येत नाही.

मत देण्याला कायद्यानेही एक किंमत लावली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनने, म्हणजे वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने, ऊकी डाओवर कारवाई करताना अशी भूमिका घेतली की टोकन वापरून मतदान करणारे सर्व जण हे त्या अनोंदणीकृत संघाचे सदस्य आहेत. आयोगाच्या सदस्य समर मर्सिंगर यांनी याला विरोध नोंदवला आणि अशाने लोक कारभारात भाग घेण्यापासून परावृत्त होतील असे म्हटले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने डाओविरुद्ध एकतर्फी निकाल देऊन सुमारे ६ लाख ४३ हजार डॉलरचा दंड ठोठावला. गप्प बसलेला टोकनधारक सुरक्षित आणि मत देणारा जबाबदार, अशी ही मांडणी २०१६ मधल्या त्या अडकलेल्या टोकनांचीच कायदेशीर आवृत्ती होती. वायोमिंग राज्याने १ जुलै २०२४ पासून किमान शंभर सदस्यांच्या डाओंसाठी स्वतंत्र प्रकारच्या ना-नफा संघाचा कायदा लागू केला तो सदस्यांना या वैयक्तिक जबाबदारीपासून वाचवण्यासाठीच.

त्याच जुलैच्या अखेरीस कंपाउंडमध्ये २८९ क्रमांकाचा ठराव मतास आला. ‘गोल्डन बॉइज’ नावाच्या धारकांच्या गटाला संस्थेच्या तिजोरीतील ४,९९,००० टोकन, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, स्वतः तयार केलेल्या एका योजनेत गुंतवण्यासाठी हवे होते. अशाच स्वरूपाचे आधीचे प्रयत्न यशस्वी झाले नव्हते. २८ जुलै २०२४ रोजी ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी ठराव मंजूर झाला. गणपूर्तीसाठी हवी होती ४ लाख मते, ती केव्हाच ओलांडली गेली होती. एकूण १ कोटी टोकनांपैकी जेमतेम १३ टक्क्यांनी मतदान केले आणि ४८,५५५ मतांच्या फरकाने निकाल लागला. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सारे वैध होते. तरीही दोन दिवसांत ठराव रद्द झाला, आणि तो मतदानाने नव्हे, तर गटाशी वाटाघाटी करून : टोकनधारकांना उत्पन्नाचा वाटा देणारी नवी योजना आणण्याचे ठरले, त्या बदल्यात गटाने ठराव सोडला.