काम उलट बोललं की तंद्री लागते

गणेश चतुर्थीच्या सकाळी माझी मावशी मोदक करायला बसली की तिला हाक मारण्यात अर्थ नसतो. परातीत मळलेली उकड, शेजारी सारणाचं पातेलं, बोटांना तेल-पाणी. गोळा घ्यायचा, अंगठ्यानं दाबत दाबत पारी करायची, कडा पातळ, मध्य किंचित जाड, मग चिमटीत एकेक कळी. कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात, दारावरची बेल वाजते, तिला पत्ता नसतो. एकवीस मोदक झाले की मान वर करून विचारते, "साडेदहा वाजले? आत्ता तर बसले होते!"

आपण याला तंद्री लागली म्हणतो. मानसशास्त्रात 'फ्लो' हा शब्द रुळला तो मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्यामुळे. (आडनाव एका दमात म्हणता आलं तर स्वतःची पाठ थोपटून घ्या.) हंगेरियन कुटुंबात १९३४ साली जन्मलेला हा माणूस पुढं अमेरिकेत, शिकागोत शिकला. तिथं चित्रकारांचं निरीक्षण करताना त्यांना एक कोडं पडलं. चित्र रंगत असताना हे लोक तहानभूक विसरायचे आणि पुरं झालं की त्यातला त्यांचा रस आटायचा, लगेच पुढचा कॅनव्हास. म्हणजे ओढ चित्राची नव्हती, चित्र काढण्याची होती. मग त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांना बोलतं केलं. प्रवाह आपल्याला वाहून नेतोय असं वाटतं, असं त्यांतले कितीतरी जण म्हणाले. नाव तिथूनच आलं.

त्या बोलण्यातून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा निघाल्या. या घडीला नेमकं काय करायचं ते स्पष्ट असतं. जमतंय की नाही ते तिथल्या तिथं कळतं. आणि काम आपल्या कुवतीच्या जेमतेम वर असतं. फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर धास्ती. मोदक तिन्हींत बसतो. त्यातही मला मधली गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पारी जास्त पातळ झाली की फाटते, उकड कोरडी पडली की कडेला चिरा जातात. चूक सांगायला कुणी वरिष्ठ लागत नाही. काम स्वतःच उलट बोलतं.

ही अवस्था रोजच्या जगण्यात कितीदा येते, हे पाहायला चिक्सेंटमिहाय यांनी लोकांच्या कमरेला पेजर लावले. दिवसातून अनेकदा, अवचित, पेजर वाजायचा. त्या क्षणी काय करताय, कसं वाटतंय, काम किती अवघड आहे, हे लिहायचं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात ७८ नोकरदार होते. आव्हान आणि कौशल्य दोन्ही नेहमीपेक्षा जास्त, अशा नोंदी कामाच्या वेळी ५४ टक्के निघाल्या. फुरसतीत? अवघ्या १८ टक्के. गंमत म्हणजे हीच माणसं कामावर असताना 'इथं नसतो तर बरं' असंही लिहीत होती. अर्थात या आकड्यांत तंद्री थेट मोजलेली नाही, तिला पोषक परिस्थिती मोजली आहे. तरी 'सुट्टीत निवांत पडलं की बरं वाटेल' या आपल्या ठाम समजुतीला त्यानं चांगलाच धक्का बसतो.

इथं कुणीतरी म्हणणारच, रील्स बघतानाही तासभर कसा गेला कळत नाही. खरंय, पण तिथं आपण काहीच करत नसतो, नुसता अंगठा चालतो. वेळेचा विसर पडणं हे एक लक्षण झालं. ताप आला म्हणजे मलेरियाच, असं थोडंच आहे?

मेंदूत काय होतं? यावर एकमत नाही, पण अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०२४ मधला प्रयोग बोलका आहे. ३२ जॅझ गिटारवादकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना उत्स्फूर्त वाजवायला सांगितलं. मुरलेल्या वादकांना तंद्री जास्त वेळा आणि जास्त खोल लागली, आणि त्या वेळी जाणीवपूर्वक नियंत्रण ठेवणाऱ्या कपाळामागच्या भागांची हालचाल मंदावली. आधी हात बसायला हवा, मग लगाम सैल सोडता आला पाहिजे. मावशी कळ्या मोजत नाही ती यामुळेच.

आता आपल्या रुक्ष कामांचं काय? मी हिशेब तपासते. पूर्वी वर्षभराचा बँक मेळ, म्हणजे वहीतल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं, एकदम घ्यायचे. जुळला की नाही ते संध्याकाळी कळायचं, तोवर पाच वेळा चहा. आता एकेक महिना घेते. एप्रिल जुळला, मे जुळला, जूनला ४५० रुपयांचा फरक. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ नं भाग जातोच. ४५० ला जातो, म्हणजे बहुधा कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. शोध. सापडलं: ७२० च्या जागी २७०. काम तेच, पण आता ते दर वीस मिनिटांनी उत्तर देतं. आणि मधेच फोन आला की सगळं मुसळ केरात. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवलं की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. माझा फोन म्हणून दुसऱ्या खोलीत असतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तरीही कंटाळवाणीच जातात, त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

यंदा मीही मावशीशेजारी पाट मांडला. पहिले चार मोदक फाटले, पाचव्याला सात कळ्या आल्या, नवव्याला नऊ. नंतरचं नीट आठवत नाही. मावशीनं एक उचलून उजेडात फिरवून पाहिला.

"अकरा झाल्या की गं," ती म्हणाली. "आता तेरा कर."